“हप्ते आम्हाला भरा, कर्ज अर्ध्यात मिटवतो”

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा पगार आठवड्याला, विडीची मजुरीही बहुधा आठवड्यालाच. पर्सनल लोनचा हप्ता मात्र महिन्याच्या 5 तारखेला. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की मॅन्डेट (हप्ता खात्यातून आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी) बाउन्स होतो आणि बँकेचा दंड वर बसतो. असे दोन-तीन बाउन्स झाले की ‘लोन सेटलमेंट’वाल्याचा फोन आलाच म्हणून समजा.

समजा, तीन कर्जं आणि एक क्रेडिट कार्ड मिळून 4 लाख थकलेत, महिन्याचे हप्ते 14,000. एजंट सांगतो, “फाइल चार्ज 5,000 द्या. बँकेला एक रुपया भरू नका, दरमहा 8,000 आमच्याकडे टाका. वर्षात 40 टक्क्यांत मिटवतो, सिबिलही (कर्जफेडीची नोंद) साफ.” घरात महिन्याला 6,000 सुटतात, म्हणून बरं वाटतं. आठ महिन्यांत 64,000 त्याच्या यूपीआयवर जातात आणि बँकेत शून्य. 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं. कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतच असतं. बँकेकडे दिलेला चेक वटला नाही की चेक न वटण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम 138 ची नोटीस निघते.

नोटीस निघण्याआधीचे बँकेचे फोनही घरच्यांपर्यंत पोचत नाहीत. कारण “वसुलीवाले त्रास देतात, कॉल आमच्याकडे फॉरवर्ड करा” असं सांगून एजंटाने फोन आधीच आपल्याकडे वळवलेला असतो. फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही मग त्यालाच ऐकू जातात. फॉरवर्डिंग आजच बंद करा.

शेवटी हातात ‘नो ड्यूज’चं, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र येतं. लेटरहेड, गोल शिक्का, सगळं झकास. पण नीट बघा: कर्जखात्याचा नंबर अर्धवट, ईमेल जीमेलचा, आणि पैसे भरायचं खातं कुठल्यातरी ‘सर्व्हिसेस’चं. खऱ्या सेटलमेंट पत्रात पूर्ण खाते क्रमांक, ठरलेली रक्कम आणि शेवटची तारीख असते; पैसे बँकेकडेच, त्याच कर्जखात्यात जातात. पत्र घेऊन शाखेत जा आणि मॅनेजरकडून खात्री करून घ्या. सेटलमेंटचं बोलणं करायला बँक फी घेत नाही.

सिबिल ‘साफ’ करणं तर शुद्ध थाप. स्कोअर 300 ते 900 असतो आणि खरी सेटलमेंट झाली तरी अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. खरी नोंद बाहेरचा माणूस पुसू शकत नाही. चुकीची असेल तर दुरुस्तीचा अर्ज फुकट करता येतो, आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवालही फुकट मिळतो.

हप्ता झेपत नसेल तर बाउन्स व्हायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: हप्त्याची तारीख बदला, मुदत वाढवून हप्ता कमी करा. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी बोलण्याला नंतर कोणी विचारत नाही. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी 14448. वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच यायला हवेत. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खासगी सावकार महिन्याला 10 टक्के घेत असेल तर तो वेगळाच गुन्हा. परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्याकडून बिनतारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. त्याची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात.

एजंटाला पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा ओळख क्रमांक), व्हॉट्सॲपवरचं बोलणं, करारनामा जवळ ठेवा. त्याला सही करून कोरे चेक दिले असतील तर त्यांचे नंबर त्याच दिवशी बँकेला आणि पोलिसांना लेखी कळवा.