लाकडी खिडक्यांच्या झडपांना बाहेरून कुठला रंग टिकतो: 18 महिन्यांनंतरचा अनुभव

रंग लावून 18 महिने झाले, दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा गेला, दुसरा चालू आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधी झडपांना साधा ऑइल पेंट होता आणि चारच वर्षांत त्याचे पोपडे निघाले, तेही नेहमी खालच्या बाजूने. म्हणून या वेळी एकच रंग सगळीकडे न मारता दुपारचं ऊन खाणाऱ्या तीन खिडक्यांवर तीन वेगळे प्रकार लावले, पहिलीला ऑइल बेस इनॅमल, दुसरीला लाकडासाठीचा एक्सटीरियर ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात मिसळणारा, आणि तिसरीला पारदर्शक व्हार्निश. लाकूड तेच, घासाई तीच, रंगवणाराही मीच.

इनॅमल पहिले सहा महिने सगळ्यात देखणा होता हे मान्य करावंच लागेल. गुळगुळीत, चकचकीत, ब्रशच्या रेघा नाहीत, धूळ फडक्याने पुसली की गेली. दहाव्या महिन्याला चमक गेली आणि बोट फिरवलं की पांढरट भुकटी हाताला यायला लागली. चौदाव्या महिन्यात सांध्यांवर केसासारख्या भेगा दिसल्या, आणि आता एका झडपेच्या खालच्या कडेला खपली सुटलीये. याचं कारण असं की लाकूड पावसात फुगतं आणि उन्हात आक्रसतं, रेषांच्या आडव्या दिशेला तर जास्तच, आणि ऑइल पेंट हवेतल्या ऑक्सिजनने वर्षानुवर्षं कडकच होत जातो, त्याला लाकडाबरोबर ताणता येत नाही, मग तो तडकतो, भेगेतून पाणी आत जातं आणि रंगाच्या थराखाली अडकून बसतं.

ॲक्रिलिक ताणला जातो आणि आतली वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतो. माझ्या त्या दोन झडपांवर अजून एकही पोपडा नाही, फक्त एका जागी बारीक फट आहे आणि तिथे मी चुकून घराच्या आतल्या कामाची लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरली होती, ती पाणी पिऊन फुगली. बाहेरच्या लाकडासाठीची लांबी वेगळी येते, तीच घ्या. रंगाचंही तसंच, भिंतीचा एक्सटीरियर रंग लाकडावर चालतो असं सर्रास सांगितलं जातं पण झडपेला लाकडासाठीचाच घ्या.

आता ॲक्रिलिकचा खरा त्रास सांगतो. चिकटतो! तासा-दोन तासांत हाताला सुका लागतो पण आतून पूर्ण पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. मी चौथ्या दिवशी झडपा लावून घेतल्या आणि सकाळी उघडताना मधल्या कडेचा रंग सोलून आला, इतकं वाईट वाटलं की विचारू नका. नंतर त्या कडांना टाल्कम पावडर चोळली आणि महिनाभर झडपा किंचित उघड्या ठेवल्या, मग काही झालं नाही. दुसरं म्हणजे एक झडप संध्याकाळी रंगवली, रात्री दव पडलं आणि सकाळी तिच्यावर तपकिरी चिकट ओघळ. पाण्याने धुतल्यावर गेले, पण भर उन्हातही रंगवू नका आणि सूर्य मावळतानाही नाही. सध्या पावसात खालच्या पट्ट्यांवर बुरशीचे काळे ठिपके आलेत, साबणाच्या पाण्याने निघतात.

व्हार्निशबद्दल जास्त लिहीत नाही. वर्षभरात करडे डाग पडले आणि थर सुटायला लागला. पारदर्शक असल्यामुळे ऊन थेट आत जातं आणि लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचे तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक, तुटतं, मग वरचा थर कितीही चांगला असला तरी तो धरणार कशाला? लाकडाचा पोत दिसायलाच हवा असेल तर आत मुरणारा रंगीत स्टेन बघा, तो दोन-तीन वर्षांनी परत लावावा लागतो पण निदान पोपडे धरत नाही.

पण डब्यात काय आहे यापेक्षा मला आता खालची कड जास्त महत्त्वाची वाटते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, आणि फळी जिथे आडवी कापलेली असते तिथे त्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, सपाट बाजूपेक्षा तिथून पाणी कितीतरी पटीने लवकर शोषलं जातं. झडप खिडकीला लटकलेली असताना रंगवली की नेमकी तीच बाजू रंगाशिवाय राहते. म्हणून बिजागऱ्या काढून झडपा खाली घ्या, बिजागरीच्या खाचेत नंबर कोरून ठेवा नाहीतर परत बसवताना गोंधळ होतो, आणि कापलेल्या टोकांना प्रायमरचा पहिला हात पातळ करून, तो मुरला की दुसरा न पातळ करता. मी ऑइल बेस प्रायमर वापरला, लाकडाचे तपकिरी डाग वर येत नाहीत, आणि त्यावर ॲक्रिलिकचे दोन हात. धारदार कडा पॉलिश पेपरने 2-3 मिमी गोल केल्या, कारण टोकदार कडेवर रंग सुकताना मागे सरकतो आणि तिथला थर सगळ्यात पातळ राहतो. घर जुनं असेल तर आधीच्या रंगात शिसं आहे का हे तपासल्याशिवाय कोरडं घासू नका, ती धूळ लहान मुलांसाठी फार घातक असते.

रंगाची छटा मात्र परत निवडायची झाली तर फिकी घेईन. गडद हिरवा सुंदर दिसतो, पण दुपारी त्यावर हात ठेववत नाही आणि तेवढं तापलं की सांधे जास्त उघडतात.

पाऊस थांबून लाकूड नीट वाळलं की व्हार्निशवाली जोडी कोऱ्या लाकडापर्यंत घासणार आणि त्याच आठवड्यात प्रायमर लावणार, कारण कोरं लाकूड काही आठवडे उन्हात राहिलं तरी रंगाची पकड कमी होते. इनॅमलवाल्या जोडीची सुटलेली खपली तेवढी दुरुस्त करेन. तुमच्याकडे झडपा असतील तर एक छोटा आरसा खालून धरून ती कड आजच बघून घ्या, वरून सगळं ठीक दिसत असलं तरी.