भाडेकरूसकट घर की रिकामा फ्लॅट?

रावेरच्या मावसभावाला केळीचे पैसे जळगावच्या घरात घालायचेत. जुन्या पेठेतलं भाडेकरू असलेलं घर घ्यावं की पिंप्राळ्याकडचा रिकामा फ्लॅट, या विचाराने त्याची झोप उडाली आहे.

किंमत: पेठेतलं घर बरंच स्वस्त. पण ते स्वस्त आहे ते ताबा नाही म्हणूनच.

ताबा: खरी मेख इथेच. मालक बदलला म्हणून भाडेकरू जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो नियमित भाडं भरत असेल, तर मालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठीही कोर्टात जावं लागतं. आणि कोर्ट दोघांपैकी कुणाची अडचण मोठी, तेही बघतं. भाडेकरू वारला तरी सोबत राहणाऱ्या घरच्यांकडे हक्क जाऊ शकतो. म्हणून भाऊ, आधी कागद बघ. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा) असेल, तर मुदत संपल्यावर ताबा मिळवणं पुष्कळ सोपं.

उत्पन्न: जुन्या भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. फ्लॅटला बाजारभाव.

पोरीला कॉलेजसाठी लगेच राहायचं असेल तर फ्लॅटच घे. ज्याच्या डोक्यावर दुसरं छप्पर आहे आणि वर्षानुवर्षं थांबायची तयारी आहे, त्याने पेठेतलं घर घ्यावं; तेही भाडेकरूला आधी भेटून, समोर बसून बोलूनच.