लाइफरे : अकरा वर्षं सांभाळलेल्या पोर्टलबद्दल

पुण्यात टिळक रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमच्या शिक्षणसंस्थेचं कार्यालय आहे. तिथे जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर आहे आणि त्यावर लाइफरे. चार महाविद्यालयांच्या सूचना, वेळापत्रकं, गुणपत्रिका, कर्मचाऱ्यांचे रजेचे अर्ज, सगळं तिथून चालतं. २०१४ साली एका व्हेंडरने त्याची ६.२ ही आवृत्ती बसवून दिली, वर्षभरात तो गेला, आणि तेव्हापासून पोर्टल माझ्याकडे आहे. आज आम्ही ७.४ वर आहोत. गेल्या महिन्यात ओळखीच्या दोन संस्थांमधून फोन आले, "मॅडम, लाइफरे घ्यावं का?" फोनवर सांगून पुरेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइफरे हे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं, संस्थेचं पोर्टल उभं करायचं सॉफ्टवेअर. ब्रायन चॅन यांनी २००० साली ते ना-नफा संस्थांसाठी म्हणून सुरू केलं. कम्युनिटी आवृत्ती मोफत मिळते, सोर्ससकट. पैसे भरून घ्यायची ती डीएक्सपी. आम्ही पहिल्यापासून कम्युनिटीवरच आहोत. पानावर जे चौकोन दिसतात, लॉगिन, सूचनाफलक, कॅलेंडर, ते सगळे पोर्टलेट. प्रत्येक चौकोन कुणाला दिसावा, कुणाला बदलता यावा, हे भूमिकेनुसार ठरवता येतं. प्राचार्यांना एक दिसतं, शिपायांना दुसरं, विद्यार्थ्यांना तिसरं. याच एका गोष्टीसाठी मी लाइफरेच्या बाजूने बोलते. नुसती चार पानांची वेबसाइट हवी असेल तर वर्डप्रेस घ्या, एवढा संसार मांडू नका.

आता अडचणी. आमच्याकडची पहिली मोठी अडचण मराठीची होती. व्हेंडर गेल्यानंतरच्या पहिल्याच जूनमध्ये हेडक्लार्क काकांनी अकरावीची सूचना मराठीत टाकली आणि सेव्ह केल्यावर पानावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली. एका ओळीत शब्दांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या जशाच्या तशा, बाकी अक्षर न अक्षर प्रश्नचिन्ह. काका म्हणाले, "मॅडम, हे काय विचारतंय आपल्याला?" मी आधी फॉन्ट बघत बसले, मग ब्राउझर. दोष डेटाबेसमध्ये होता. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये डेटाबेस तयार करताना काही सांगितलं नाही तर तो लॅटिन-१ या रोमन लिपीपुरत्या अक्षरसंचात तयार व्हायचा, आणि लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. मायएसक्यूएल ८.० पासून ही अडचण राहिली नाही, पण जुना डेटाबेस कुणाकडून हातात आला असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

त्यातून शिकलेली एक खूण सांगते, फार उपयोगी पडते. पानावर प्रश्नचिन्हं दिसली तर मूळ अक्षरं गेलेली आहेत, परत टाइप करण्याला पर्याय नाही. पण डोक्यावर तिरप्या रेघा असलेली परदेशी अक्षरं ओळीने दिसायला लागली तर बहुतेक वेळा मजकूर आत शाबूत असतो, फक्त वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतोय. तेव्हा घाबरून काही पुसू नका. लाइफरे ज्या टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चालतं, त्याच्या सेटएन्व्ह फाइलमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे का ते बघा, डेटाबेस जोडणीच्या ओळीत बघा. त्याच सेटएन्व्हमध्ये टाइमझोन जीएमटी दिलेला असतो, तो तसाच राहू द्या. भारतीय वेळ पोर्टलच्या सेटिंगमधून द्यायची असते.

दुसरी अडचण वेगाची. पहिलं पान उघडायला आठ-नऊ सेकंद लागायची. मेमरी वाढवली, फरक नाही. शेवटी पोर्टल-एक्स्ट प्रॉपर्टीज ही फाइल ओळ न ओळ वाचली. लाइफरेची बरीच सेटिंगं या एका फाइलमधून बदलता येतात, त्यामुळे नवीन माणसाने पहिल्या दिवशी हीच उघडावी. त्यात डेव्हलपर प्रॉपर्टीजची फाइल जोडणारी ओळ तशीच राहिलेली होती. थीम, म्हणजे पोर्टलचं रूप, बनवताना ती हवी असते, कारण तिच्यामुळे कॅशे, म्हणजे आधीचं तयार करून ठेवलेलं तेच वापरायची सोय, बंद होतात आणि केलेला बदल लगेच दिसतो. चालत्या पोर्टलवर मात्र प्रत्येक पानाला जावास्क्रिप्टच्या तुकड्या-तुकड्यांच्या फाइली स्वतंत्र मागवल्या जात होत्या. ओळ काढली, सर्व्हर परत सुरू केला, दीड सेकंदात पान आलं.

रोजच्या तक्रारींपैकी निम्म्या मात्र एकाच प्रकारच्या असतात: "मॅडम, मला पीडीएफ दिसतेय, मुलांना दिसत नाही." यात बिघाड काहीच नसतो. फाइल टाकताना पाहुण्याला, म्हणजे लॉगिन न केलेल्या माणसाला, बघायची परवानगी दिलेली नसते. आमच्याकडे आता नियम आहे की सूचना टाकणाऱ्याने ब्राउझरची खासगी खिडकी उघडून स्वतः एकदा बघायचं आणि मगच व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवायची. लिंकवरून आठवलं, पानाचं नाव मराठीत दिलं आणि तेच पत्त्यात गेलं, तर पाठवताना देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ अक्षरं होतात आणि पाच शब्दांच्या सूचनेचा पत्ता अर्धा स्क्रीन खातो. नाव मराठीत ठेवा, पत्ता हाताने छोटा रोमन अक्षरांत लिहा. तशी सोय आहे.

आणि गुरुवार. पुण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जायची ती गुरुवारी. एकदा यूपीएसने दगा दिला आणि पोर्टल चालू असतानाच सर्व्हर बंद पडला. परत सुरू केल्यावर टॉमकॅट उठला, लॉगमध्ये 'सर्व्हर स्टार्टअप' ही ओळ आली, पण पानावर अर्धे चौकोन रिकामे. अशा वेळी पोर्टल नव्याने बसवायच्या मागे लागू नका. पोर्टल नीट बंद करा, ओएसजीआय फोल्डरमधला स्टेट हा फोल्डर काढून टाका, टॉमकॅटचे वर्क आणि टेम्प रिकामे करा, पुन्हा सुरू करा. ते फोल्डर पुन्हा तयार होतात. पहिल्यांदा उठायला वेळ जास्त लागेल, तेवढा द्या. शोध नीट चालत नसेल तर त्यानंतर पुन्हा इंडेक्स, म्हणजे शोधाची सूची, करून घ्या. हे मी कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलंय.

शोधाचं एक दुखणं मात्र माझ्याने पूर्ण बरं झालेलं नाही. लाइफरे ७ पासून शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर आलं. त्याच्यासोबत हिंदी आणि बंगालीसाठी शब्दांची मूळ रूपं ओळखणारी सोय येते, मराठीसाठी येत नाही. आपली भाषा तर सामान्यरूपावर चालते. विद्यार्थी 'परीक्षा' शोधतो, सूचनेत असतं 'परीक्षेचे वेळापत्रक', आणि पोर्टल म्हणतं काही सापडलं नाही. आम्ही काढलेला मार्ग असा की प्रत्येक सूचनेला मूळ रूपातले टॅग द्यायचे: परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह. चाळीस टॅगांची यादी ग्रंथपाल मॅडमनी करून दिली, त्याबाहेरचा टॅग कुणी टाकत नाही. काम भागतं. मराठीसाठी कुणीतरी मनावर घेऊन ही सोय करायला हवी, असं मला फार वाटतं.

आता बदल करण्याविषयी, म्हणजे पोर्टल आपल्यासारखं करून घेण्याविषयी. माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. ६.२ मध्ये बदलाचे दोन मुख्य मार्ग होते. हुक, म्हणजे बाहेरून अडकवलेला बदल, आणि एक्स्ट, म्हणजे थेट गाभ्यात हात घालणं. व्हेंडरने जिथे हुकने भागलं असतं तिथेही एक्स्ट वापरला होता. लॉगिनचं पान, वापरकर्त्याची माहिती, अगदी 'पासवर्ड विसरलात?' या वाक्याची जागासुद्धा. दिसायला सगळं उत्तम. त्याची किंमत २०१९ मध्ये ७.२ वर जाताना कळली. ७ मध्ये लाइफरेची रचनाच ओएसजीआय मॉड्यूलांची, म्हणजे सुटे भाग जोडून केलेली, झाली होती, आणि एक्स्टमधली जवळजवळ कुठलीच फाइल जशीच्या तशी चालणार नव्हती.

तो बदल आम्ही अनंत चतुर्दशीला केला, कारण त्या दिवशी पोर्टलवर कुणी येत नाही. टिळक रस्त्यावरून मिरवणूक जात होती, खोलीच्या खिडकीची काच ढोलांनी थरथरत होती, आणि मी आणि मदतीला असलेला एक मुलगा डेटाबेसचा बॅकअप नीट उतरलाय का ते मोजत होतो. बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे. लाइफरेमध्ये फाइलींची नोंद डेटाबेसमध्ये असते आणि प्रत्यक्ष फाइली डॉक्युमेंट लायब्ररी या फोल्डरमध्ये. दोन्ही एकाच वेळचे हवेत, नाहीतर नोंद आहे आणि फाइल नाही अशी अवस्था होते. चाचणीच्या मशीनवर हा सगळा प्रकार आम्ही आधी तीनदा करून बघितला होता, म्हणून रात्री अकराच्या आत पार पडला.

त्यानंतर मी ठरवलं की गाभ्यात हात घालायचा नाही. ७.२ मध्ये पान बदलायला फ्रॅगमेंट बंडल असतं, एखाद्या मॉड्यूलला जोडलेलं छोटं ठिगळ. ते कुठल्या मॉड्यूलच्या कुठल्या आवृत्तीला लावायचं हे त्यातच लिहावं लागतं. २०२२ मध्ये ७.४ वर गेलो आणि लॉगिनचं पान पुन्हा इंग्रजी, मूळ रूपातलं दिसायला लागलं. लॉगमध्ये काही ठळक नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये गोगो शेल म्हणून एक खिडकी आहे. तिथे 'एलबी' लिहिलं की सगळी मॉड्यूलं आणि त्यांची अवस्था दिसते. आमचं फ्रॅगमेंट 'इन्स्टॉल्ड' वर अडकलेलं होतं. त्याचा क्रमांक घेऊन 'डायग' दिलं आणि त्याने स्पष्ट सांगितलं की मागितलेल्या आवृत्तीचं यजमान मॉड्यूल इथे नाही. लॉगिनच्या मॉड्यूलचा आकडा पुढे गेला होता, आमच्या ठिगळावर जुनाच होता. आकडा बदलून चालत नाही, नवीन मॉड्यूलमधलं मूळ पान काढून आपला बदल त्यात पुन्हा बसवावा लागतो. ते केल्यावर अवस्था 'रिझॉल्व्ड' झाली. इथे एक गोष्ट ध्यानात असू द्या: फ्रॅगमेंट कधीच 'अॅक्टिव्ह' होत नाही, 'रिझॉल्व्ड' म्हणजेच ते चालू आहे. त्या मुलाने अर्धा दिवस ते अॅक्टिव्ह करण्यात घालवला होता.

थीम करायला मात्र मला मनापासून आवडतं. फ्रीमार्कर या साच्यांच्या भाषेतले पानांचे साचे आणि एक कस्टम स्टाइलची फाइल, एवढ्यात बरंच काही होतं. पण या थीम देवनागरी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या नसतात. आमच्या मेनूमध्ये ओळीची उंची इतकी कमी होती की खालचे उकार कापले जायचे. 'सूचना' ची 'सचना' व्हायची आणि 'गुणपत्रिका' ची 'गणपत्रिका'. वरच्या रफाराचंही तेच, 'अर्ज' चा 'अज'. मुक्ता फॉन्ट घेतला, ओळीची उंची दीडपटीच्या वर नेली, आणि मेनूच्या डब्यावर 'बाहेर जाईल ते लपव' असा जो नियम होता तो काढला. तीन ओळींचं काम, पण ते झाल्यावर मराठीच्या प्राध्यापिका खाली येऊन सांगून गेल्या की आता मेनू वाचवतो.

खर्चाचं विचाराल तर सॉफ्टवेअरला शून्य, मशीनला आणि माणसाला भरपूर. पोर्टल आणि इलॅस्टिकसर्च मिळून ८ जीबी रॅमवर आमचा जीव मेटाकुटीला आला होता, १६ जीबीवर निवांत चालतं. पहिल्यांदा उतरवून बघाल तेव्हा सोबत हायपरसॉनिक नावाचा छोटा डेटाबेस येतो. तो फक्त बघण्यापुरता, खरं काम त्यावर सुरू करू नका. आणि जावा वाचता येणारा निदान एक माणूस घरचा हवा, नोकरीवरचा. व्हेंडरच्या भरवशावर लाइफरे घेऊ नका असं मी दोन्ही संस्थांना सांगितलं. त्यातल्या एकीकडे असा माणूस आहे, त्यांना घ्या म्हटलं. दुसरीकडे नाही, त्यांना नको म्हटलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण मराठी शोधाचा.

आमच्या पोर्टलवर एकेकाळी अकरा ठिगळं होती, आता तीन आहेत. ७.४ मध्ये पोर्टलवरचे शब्द बदलायची सोय कंट्रोल पॅनेलमध्येच आली, त्यामुळे मराठी शब्दांसाठी केलेलं वेगळं मॉड्यूल गेल्या महिन्यात काढून टाकता आलं. लॉगिनचं ठिगळ दिवाळीच्या सुट्टीत काढायचंय. काकांना विचारून ठेवलंय, 'पासवर्ड विसरलात?' हे वाक्य मूळ जागी खाली गेलं तर चालेल का. ते म्हणाले, "चालेल, फक्त मराठीत राहू दे."