शेजारच्या इमारतीची उंची आणि मार्जिन मोजायला ४० मीटरचा लेझर मीटर: घ्यावा का?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत कवेलूच्या घरांना लागून पाच-सहा मजली इमारत उभी राहू लागली, की शेजाऱ्याच्या आंगणातलं ऊन-वारं एका आकड्यावर ठरतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे गावठाणाबाहेर १५ मीटरहून उंच इमारतीला बाजूचं आणि मागचं मार्जिन, म्हणजे हद्दीपर्यंतची मोकळी जागा, उंचीच्या एक पंचमांश सोडावं लागतं, जास्तीत जास्त १२ मीटर. म्हणजे १८ मीटर उंचीला ३.६० मीटर. दाट वस्तीच्या गावठाणाचे नियम वेगळे आहेत. हे तपासायला दोन-चार हजारांचा लेझर मीटर पुरतो, पण नीट वापरला तर.

सरळ अंतराला हे यंत्र फार चांगलं. सांदीत पुढे, मध्ये, मागे असं तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा, कारण भिंत कुंपणाला समांतर क्वचितच असते. वरची बाल्कनी पुढे आलेली असेल तर तिच्या कडेवरून ओळंबा सोडून तिथूनही मोजा. खाली मार्जिन पूर्ण आणि वर दोन फूट गिळलेले, हे सर्रास दिसतं.

उंची मोजताना मात्र यंत्र फसवतं. इमारतीपासून १२ मीटरवर उभं राहून आधी गच्चीच्या स्लॅबची कड, मग समोरचा आडवा बिंदू, अशा दोन नेमांवरून ते उंची काढतं. दोन नेमांच्या मध्ये हात फक्त २० सेंटिमीटर मागे सरकला, तर १८ मीटरच्या इमारतीत सुमारे १५ सेंटिमीटरची चूक येते. म्हणून स्टँड हवाच. आकड्यात जमिनीपासून यंत्रापर्यंतची उंची मिळवायला विसरू नका. कठडा, जिन्याची खोली, टाकी यांवर नेम धरू नका. पार्किंगचा मजला उंचीत धरलाय का, ते मंजूर नकाशावरच पाहा. नकाशाची प्रत माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करून मागता येते.

मे महिन्यात दुपारी लाल ठिपका दिसतच नाही, आणि बरीच यंत्रं ४० अंशांच्या पुढे भरवशाची राहत नाहीत. पहाटे किंवा सूर्य मावळताना मोजा, लांबच्या भिंतीवर पांढरा पुठ्ठा धरा.

आणि हद्द मीटरने ठरत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. भूमी अभिलेखची मोजणी आणि तिच्या नकाशाची अर्जदाराला मिळणारी 'क' प्रत हाती असेल तरच ३.६० चा आकडा तक्रारीत टिकतो. मोजायचं ते जोतं झाल्याबरोबर. दोन स्लॅब पडल्यावर नगरपंचायतीला अर्ज दिला, तर नोटीस निघते पण भिंत हलत नाही.

खाली स्टँडचे आटे नसलेला स्वस्तातला मीटर घेऊ नका. त्यापेक्षा ३० मीटरचा फायबर टेप आणि ओळंबा बरा.