चाळीस हजार वेळा वाजलेलं, कुणीच न ऐकलेलं गाणं

वारीवर एक गाणं केलं होतं. शब्द आणि चाल माझी, गायला भाचा. पखवाजवाल्या काकांचं मानधन, स्टुडिओ, मिक्सिंग-मास्टरिंग धरून 25,000 रुपये गेले. पालख्या निघायच्या आधी डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गाणी ऐकायच्या सगळ्या ॲपवर चढवलं. दहा दिवसांत स्ट्रीम, म्हणजे ॲपवर गाणं वाजल्याच्या वेळा, झाल्या 312. त्यातल्या शंभरेक आमच्या घरच्याच असाव्यात.

तेवढ्यात इन्स्टावर मेसेज आला. 'दादा, गाणं कडक आहे, पण पोहोचत नाहीये.' फोनवर बोलणं झालं. माणूस हुशार होता, सुरुवात त्याने खऱ्या गोष्टीपासून केली. 2024 पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्या नाहीत, तर त्या गाण्याची रॉयल्टीच निघत नाही. मी पडताळून पाहिलं, खरं निघालं. एक गोष्ट खरी निघाली की पुढच्या चार आपण तपासतच नाही. 'आपल्या स्वतःच्या प्लेलिस्ट आहेत दादा, सगळं ऑरगॅनिक पब्लिक. 9,000 मध्ये चाळीस हजार स्ट्रीम, गॅरंटी!'

त्या गॅरंटीवरच फोन ठेवायला हवा होता. खरी माणसं ऐकणार असतील, तर किती ऐकतील हे आधीच कोण सांगेल? बिल मागितलं, तर म्हणाला, 'आपल्यात कसलं बिल दादा!' पैसे गेले कुणा तिसऱ्याच बाईच्या यूपीआयवर.

स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला हे कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, 'अरे, त्या स्ट्रीममागे माणसं नसतात. प्रोग्रॅम लावून ठेवलेले असतात, गाणं वाजवायचं आणि पुढे जायचं.' मी मनात म्हटलं, याचं स्वतःचं गाणं दोन हजारांवर अडलंय, जळतोय.

आठ दिवसांत आकडा 41,000 झाला. मी पेढे आणले. हो, आणले, आता सांगायला लाज वाटते.

पेढे संपल्यावर स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या ॲपमधली आकडेवारी नीट पाहिली. 41,000 स्ट्रीम आणि गाणं सेव्ह करून ठेवणारे 23. शहरांच्या यादीत पंढरपूर नाही, सोलापूर नाही. पुणे पाचवं. वरची चारही परदेशातली, त्यातलं एक मला नकाशात शोधावं लागलं. हे सगळं ज्या प्लेलिस्टमधून येत होतं ती उघडली. आमच्या विठ्ठलाच्या वर धडाधडा वाजणारं टेक्नो आणि खाली झोपताना लावायचा पावसाचा आवाज!

रेकॉर्डिस्टला पुन्हा फोन केला, या वेळी जरा नरमाईने. तो म्हणाला, तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजतात, त्यामुळे हे प्रोग्रॅम तेवढं ओलांडलं की बहुतेकदा पुढच्या गाण्यावर उडी मारतात. आमच्या गाण्यात आधी नुसता टाळ-पखवाज आहे. भाच्याचा आवाज येतो बेचाळिसाव्या सेकंदाला.

एकादशीला चार दिवस राहिले असताना डिस्ट्रिब्युटरची मेल आली: बनावट स्ट्रीम आढळल्या, गाणं काढलं, रॉयल्टी रोखली, वर दंड. मला वाटलं, मी ग्राहक, फसलो मी, मग दंड मलाच का? वाचल्यावर कळलं. एका स्ट्रीमचा ठरलेला भाव नसतोच. महिन्याला जमलेल्या पैशातून स्ट्रीमच्या प्रमाणात वाटे पडतात. खोटा आकडा वाढला की दुसऱ्या कुणाचा तरी खरा वाटा कमी होतो. म्हणजे त्यांच्या हिशेबात चोर मी होतो. उघड बनावट स्ट्रीम सापडल्या, तर स्पॉटिफाय डिस्ट्रिब्युटरकडून गाण्यामागे दंड घेतं आणि डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराच्या खात्यातून कापू शकतो. 2024 मध्ये अमेरिकेत एका माणसावर तर अशाच खोट्या स्ट्रीममधून एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उकळल्याचे फौजदारी आरोप ठेवले गेले.

मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेली लिंक ऐन एकादशीला उघडेना. 'तुझं गाणं दिसत नाही रे बाळा,' असा तिचा फोन. 9,000 रुपयांपेक्षा तो फोन जास्त लागला.

त्यात चीड आणणारी गोष्ट ही, की स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं फुकट पाठवता येतं. प्रदर्शनाच्या निदान सात दिवस आधी स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून पाठवायचं. निवडतील याची खात्री नाही, पण पैसे घेऊन प्लेलिस्टमध्ये जागा देणं त्यांच्या नियमांतच बसत नाही. हे मला गाणं पडल्यावर कळलं.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि चॅट दिले. त्या माणसाचा नंबर बंद आहे. प्लेलिस्ट मात्र चालू आहे. परवा उघडून पाहिली, तर टेक्नो आणि पावसाच्या मधल्या जागेवर दुसरं मराठी गाणं, कोळीगीत. गायकाला शोधून लगेच मेसेज केला: दादा, हे बनावट आहे, आजच डिस्ट्रिब्युटरला स्वतःहून कळवा.

त्याचं उत्तर आलं, 'जळू नका सर, मेहनत करा.'