गुडघ्याचा फॉर्म, टॅबवरची बाई आणि आमची आई: सात महिन्यांचा अनुभव

गेल्या शनिवारी आईच्या फिजिओ सेंटरात टॅब सातव्या प्रश्नावर अडकला. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा बंद-चालू करून बघितला, मग ड्रॉवरमधून जुना इंग्रजी कागद काढून माझ्या हातात दिला. "तुम्हीच भरा ना, नेहमीसारखा." ते 'नेहमीसारखा' झोंबलं, म्हणून लिहायला बसलोय.

फॉर्म तोच, ऑक्सफर्डचा गुडघ्याचा. १९९८ मध्ये आला, आता जगभर चालतो. मागच्या चार आठवड्यांबद्दल १२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, ४८ म्हणजे ठणठणीत. म्हापशातल्या ज्या फिजिओ सेंटरात आम्ही साखळी गावाहून जातो, तिथे चवथीनंतर हा व्हिडिओवर आला. पडद्यावर एक बाई प्रश्न विचारते, हालचाल करून दाखवते, खाली पाच उत्तरं. त्यांना बोट लावलं की तीही बोलून दाखवते. कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, जी हवी ती भाषा. दर वेळचे पन्नास रुपये मात्र वेगळे. मला ते पहिल्या दिवसापासून खुपत होते. कागद फुकट होता आणि भाषांतराला मी होतो की!

आता मुख्य तक्रार. पंधरा सेकंदांत बोट लागलं नाही तर व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू होतो. आमची आई चौऱ्याहत्तर वर्षांची. कोणी प्रश्न विचारला तर ती आधी तोंडाने उत्तर देते, तेही सविस्तर. सकाळी न्हाणीतून बाहेर येताना काय होतं, गुडघा कुठे कटकन वाजतो, हे सगळं ती त्या बाईला सांगत असते आणि बाई मध्येच तोच प्रश्न पुन्हा सुरू करते. "कितलेफावट सांगूं हिका? हिका आयकूं येना दिसता!" (किती वेळा सांगू हिला? हिला ऐकू येत नाही वाटतं!) सगळा हॉल हसतो. मी नोव्हेंबरात तोंडी, डिसेंबरात वहीत लिहून, जानेवारीत थोडा आवाज चढवून सांगितलं की हे पंधराचे साठ सेकंद करा. दर वेळी उत्तर एकच: कंपनीला कळवतो. गुडघेदुखीवाल्यांच्या यंत्राला एवढी घाई कसली?

एवढं असूनही डिसेंबरपर्यंत माझं मत फिरलं होतं. कागदावर मी भरायचो तेव्हा आईचे गुण ३१ आले होते. टॅबवर पहिल्यांदा तिने स्वतः भरलं आणि १९ झाले. मला वाटलं, पंधरा सेकंदांच्या गडबडीत चुकीची बटणं दाबली असणार. फिजिओबाईंनी एकेक प्रश्न काढून तिला परत विचारला. चुकलेलं काहीच नव्हतं. बाजारहाट एकटीने जमते का, याला मी दर वेळी 'सहज' लिहीत होतो, कारण ती कोपऱ्यावरच्या दुकानात जाते हे मला माहीत होतं. पिशवी शेजारचा पोरगा आणून देतो हे माहीत नव्हतं. रात्रीच्या दुखण्याचं तर मी तिला कधी विचारलंच नव्हतं, सरळ 'नाही' वर खूण करत होतो. फिजिओबाई म्हणाल्या, घरचा माणूस दुभाष्या झाला की असंच होतं, पेशंटही त्याच्यासमोर जरा बरंच सांगतो. म्हणजे ते ३१ गुण माझ्या अंदाजाचे होते.

सातवा प्रश्न गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, हा. मी आईला 'गुडघ्यांवर बसता येतं का' असं विचारायचो आणि ती मांडी घालण्याबद्दल उत्तर द्यायची. व्हिडिओतली बाई दोन्ही गुडघे टेकून दाखवते. आईने बघितलं आणि म्हणाली, "इगर्जेंत बसतात तशें?" तिथे प्रश्न कळला. गावातल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, फेस्ताला बघितलं होतं तिने.

भाषेबद्दल. आई मराठी वाचते, पण अक्षरं वाचणं वेगळं आणि फॉर्म वाचणं वेगळं. मराठीतली बाई 'आपणांस' म्हणते, तेव्हा आई पदर सावरून बसते. कोकणीतल्या बाईशी ती गप्पा मारते. शब्द सोपे करून घ्या म्हटलं, तर कळलं की अशा फॉर्मचं भाषांतर परवानगीने होतं. उलट मूळ भाषेत नेऊन ताडून बघतात, नाहीतर गुणांची तुलनाच करता येत नाही. ठीक आहे, पटलं. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामाला चालते. त्यावरून भांडायला आपण सगळे तयार. गुडघ्याचा कागद मात्र इतकी वर्षं इंग्रजीत होता आणि कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

फेब्रुवारीत शेजारी बांधकामावरचा एक कामगार बसला होता, सोबत मुकादम. मुकादम हिंदीत उत्तरं सांगायला लागला. मुलीने कन्नड लावून टॅब कामगाराच्याच हातात दिला आणि मुकादमाला बाहेर चहाला पाठवलं. पंधरा सेकंदांचा त्याला त्रास नव्हता, पटापट भरलं.

शनिवारी तो इंग्रजी कागद मी कोराच परत दिला.

हे लिहिताना सेंटरवरून फोन आला. टॅब चालू झाला. आणि ते पंधरा सेकंद दर पेशंटला वेगळे ठेवता येतात, सेटिंग पहिल्यापासूनच होतं, मुलीला दाखवलं नव्हतं. सात महिने! शनिवारचे पन्नास रुपये मागितले, तर पुढच्या बिलात वळते करतो म्हणाले. पावती जपून ठेवलीय.