फायबरच्या वलयासाठी एफडीडीआय की आरपीआर?
एफडीडीआय (फायबर डिस्ट्रिब्युटेड डेटा इंटरफेस) आणि आरपीआर (रेझिलियंट पॅकेट रिंग) या दोन रिंग प्रोटोकॉलांमधला, म्हणजे वलयाकार जोडलेल्या जाळ्यावर माहिती पाठवण्याच्या नियमांमधला, खरा फरक वलयावर माहिती पाठवण्याचा हक्क कोणाला आणि केव्हा मिळतो, याचा आहे. एफडीडीआयच्या सेकंदाला 100 मेगाबिटच्या वलयावर टोकन (पाठवण्याची परवानगी देणारा छोटा संदेश) फिरते आणि ते हाती आल्याशिवाय कोणतेही स्थानक (वलयाला जोडलेले उपकरण) काही पाठवू शकत नाही. प्रकाशाला फायबरमधून 100 किलोमीटरची फेरी पूर्ण करायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. तेवढ्या वेळात 100 मेगाबिटच्या वेगाने 50 हजार बिट पाठवता येतात, तर 10 गिगाबिटच्या वेगाने 50 लाख, म्हणून वेग वाढेल तशी टोकनची वाट पाहणे महाग पडत जाते.

2004 साली 802.17 या क्रमांकाने प्रमाणित झालेल्या आरपीआरमध्ये टोकनच नाही. पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) मुक्कामाच्या स्थानकावरच वलयातून काढले जाते, त्यामुळे वलयाचा पुढचा भाग त्याच क्षणी स्थानकांच्या दुसऱ्या जोडीला मोकळा राहतो. एफडीडीआयमध्ये मात्र ते पाठवणाऱ्यापर्यंत पूर्ण फेरी मारून परतते. मला हाच निर्णायक मुद्दा वाटतो. दोघांचीही वलये दुहेरी असतात, पण एफडीडीआयचे दुसरे वलय सहसा राखीव राहते, तर आरपीआर दोन्ही वलयांतून माहिती वाहून नेते आणि तार तुटल्यास 50 मिलिसेकंदांच्या आत सावरते. टोकनसाठी किती थांबावे लागेल याची कमाल मर्यादा आधीच ठरलेली असणे, हा एफडीडीआयचा गुण मात्र मोलाचा आहे.